शुक्र आणि झोप

पेसमेकर बसवून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून जातो, 'शुक्र करा, जीव वाचला.' वाक्य खरेच आहे. ज्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ३५वर येत होते, जो वजू करता करता चक्कर येऊन पडत होता, तो आता स्वतःच्या पायांनी मशिदीत जातो. आणखी काय हवे? पण त्याच माणसाने आठ दिवसांनी दबक्या आवाजात सांगितले की 'रात्रभर डोळा लागत नाही', तर पुन्हा तेच वाक्य ऐकवले जाते. या खेपेला त्याचा अर्थ 'गप्प बसा' असा असतो. आम्ही पेसमेकरवाल्यांनी दोन्ही अर्थ ऐकलेले आहेत. म्हणून विचारावेसे वाटते, वाचलेल्या जिवाने झोपेची तक्रार करणे ही नाशुक्री आहे काय?

झोपणे म्हणजे रोज रात्री पहारा सोडणे. आपण डोळे मिटतो तेव्हा हृदय, श्वास, सारे काही कुणाच्या तरी भरवशावर टाकून देतो आणि असे टाकल्याचे आपल्याला कळतही नाही. कळत नाही म्हणूनच झोप येते. खांद्याखाली कातडीच्या आत ती लहानशी धातूची डबी बसली की मात्र कळू लागते. कुशीवर वळताना ती हाताला लागते. उशीला कान टेकला की ठोके ऐकू येतात आणि माणूस ते मोजू लागतो. यातला कोणता माझा आणि कोणता यंत्राचा?

मग दोन भीती येतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिली, हे रात्रीत बंद पडले तर? दुसरी सहसा कुणी उघडपणे बोलत नाही. हे बंदच पडले नाही तर? वेळ आल्यावर जान अडकून तर राहणार नाही ना? दोन्हींना साधी उत्तरे आहेत. बॅटरी एकाएकी संपत नाही. ती वर्षानुवर्षे चालते आणि उतरू लागली की नेहमीच्या तपासणीत ते महिनोन्‌महिने आधी दिसते. शिवाय बहुतेक यंत्रे सतत ठोके देत बसत नाहीत. हृदयाचा स्वतःचा ठोका वेळेवर आला तर ती गप्प राहतात, चुकला तरच टोचणी देतात. आणि अखेरच्या वेळी स्नायूच थकला की त्या टोचणीला तो दाद देत नाही. यंत्र मरण अडवत नाही. हे सांगायला दोन मिनिटे लागतात, पण घरी पाठवताना ती दोन मिनिटे कितीजणांच्या वाट्याला येतात?

भीती बाजूला ठेवली तरी उरणारी कारणे अगदी शरीराची आहेत. जखम दुखते. हात खांद्यावर उचलायचा नाही असे काही आठवडे सांगितलेले असते, त्यामुळे माणूस लाकडासारखा उताणा पडून राहतो. (उजव्या कुशीवर झोपण्याची लहानपणी लागलेली सवय इथे कामी येते, कारण यंत्र बहुधा डाव्या बाजूला असते.) झोपेत निरोगी माणसाचे ठोके ५०पर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतात. यंत्र मात्र ६०च्या खाली जाऊ देणार नाही असे लावलेले असेल, तर काहींना रात्रभर छातीत कुणी चालत असल्यासारखे वाटते. काही यंत्रे रात्री स्वतःची चाचणी घेतात, तीही एखाद्याला जाणवते. डॉक्टर हे आकडे वरूनच, कसलीही चिरफाड न करता बदलू शकतात. हृदयासाठी दिलेल्या काही गोळ्यांनी झोप मोडते, वाईट स्वप्ने पडतात. लघवीची गोळी उशिरा घेतली तर रात्रभर उठावे लागते. आणि घोरता घोरता श्वास अडकण्याचा विकार, स्लीप अ‍ॅप्निया, तो तर आमच्यात फारच. युरोपातील काही रुग्णालयांनी मिळून ९८ पेसमेकरधारकांची रात्रीची तपासणी केली होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५९ टक्के लोकांत तो आढळला. त्यावर उपाय आहेत, पण तक्रारच केली नाही तर तो सापडणार कसा?

'जाग आलीच आहे तर उठून तहज्जुद पढा,' असे वडीलधारी मंडळी सांगतात. ज्याला उठायचे आहे त्याने जरूर उठावे. पण स्वतःहून उठणे आणि झोप न लागल्याने तळमळत जागणे यांत फरक आहे. दुसऱ्याची जागी रात्र आपण परस्पर इबादतीच्या खात्यावर जमा करू नये. शरीर अमानत आहे असे आपण म्हणतो. मग अमानतीत कुठे बिघाड दिसला तर तो सांगणे ही राखणदाराची जबाबदारी नव्हे काय?

हे यंत्रही कुणाच्या तरी गप्प न बसण्यातून आले, हे फारसे कुणाला माहीत नसते. आर्ने लार्सन या स्वीडिश माणसाला दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्धीचे झटके येत. त्याची बायको एल्स-मारी सर्जन आके सेनिंग आणि इंजिनियर रुने एल्मक्विस्ट यांच्या मागे लागली. माणसाच्या शरीरात बसवण्याजोगे यंत्र तयार नाही, असे उत्तर तिने मानले नाही. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये जगातला पहिला पेसमेकर लार्सनच्या शरीरात बसला आणि काही तासांतच बंद पडला. पुढे एकामागून एक यंत्रे बदलत तो २००१ सालापर्यंत जगला, ८६ वर्षांचा होऊन गेला. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्याच्या आधी गेले. 'मर्जी आहे' म्हणून एल्स-मारी स्वस्थ बसली असती तर तिला कुणी दोष दिला नसता.

आणि एल्स-मारीवरून आठवले, आमच्या घरांत रात्री आणखी एक जण जागा असतो. आम्हाला डोळा लागला की ती जागी होते, छाती हलते की नाही ते पाहते, घोरणे थांबले की घाबरून खांदा हलवते, आणि फजरच्या आधी स्वयंपाकघरात असते. श्वास किती वेळा अडकला हे तिलाच नक्की ठाऊक असते. तपासणीच्या दिवशी ती बरोबर आलेली असते, पण डॉक्टरांच्या खोलीत आम्ही एकटेच जातो. ती बाहेरच्या बाकावर, मांडीवर जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन बसलेली असते.