गीता चिंतन : अध्याय १७, श्लोक २० – परतफेड न करू शकणाऱ्याला



सतराव्या अध्यायात काल आपलं तप संपलं. आजपासून दान. विसाव्या श्लोकात भगवंत सात्त्विक दान कोणतं ते सांगतात. द्यायला हवं म्हणून दिलेलं. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं. आणि ज्याच्याकडून आपल्याला काही परत मिळणार नाही अशाला दिलेलं. या शेवटच्या माणसाला श्लोकात 'अनुपकारी' म्हटलंय. आज मी या एका शब्दापाशीच थांबणार आहे.

कारण हा श्लोक आला की सत्संगात कोणीतरी हमखास म्हणतंच, "असं कोणी असतं का हो? प्रत्येक जण काहीतरी मिळतं म्हणूनच करतो. पैसा नाही तर नाव, नाव नाही तर पुण्य. आणि पुण्यही नको म्हणणाऱ्याला निदान समाधान तरी मिळतंच की! म्हणजे शेवटी स्वार्थच."

प्रश्न बिनतोड वाटतो. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडं हसूही असतं, कारण यावर समोरचा गप्प बसतो हे त्याला माहीत असतं. पण आपल्या ऋषींना हे सुचलं नव्हतं असं मात्र नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघतात, तेव्हा मैत्रेयीला काय सांगतात? नवरा नवऱ्यासाठी प्रिय नसतो, बायको बायकोसाठी प्रिय नसते, मुलं मुलांसाठी नाहीत, धन धनासाठी नाही. सगळं आत्म्यासाठी प्रिय असतं. वरवर वाचलं तर सत्संगातल्या त्या गृहस्थांचाच मुद्दा! पण याज्ञवल्क्य तिथे थांबत नाहीत. तो आत्मा पाहा, ऐका, त्याचा विचार करा, असं ते पुढे सांगतात. कारण तो 'मी' म्हणजे पासबुकावर नाव असलेला मी नाही. तुझ्यात आणि माझ्यात जो एकच आहे, तो. सगळा घोळ त्या 'स्व'चं माप किती धरायचं यात आहे.

बरं, एवढ्या उंचावर नको जायला. समाधानाचाच मुद्दा घेऊ. लेकराचा ताप तीन दिवसांनी उतरतो आणि आईला हायसं वाटतं. आता कोणी म्हणेल का की बाईने रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या त्या स्वतःला हायसं वाटावं म्हणून? तिला हायसं वाटलं, कारण तिला लेकरू बरं व्हायला हवं होतं. आधी लेकराची काळजी, मागून तो आनंद. नुसता आनंदच हवा असता तर तो मिळवायचे स्वस्त रस्ते होते. गोळी घेऊन झोपली असती. दुसऱ्याचं भलं झाल्यावर आपल्याला बरं वाटतं, ही तर आपल्याला त्याचं भलं हवं होतं याची खूण. तिला स्वार्थाचा पुरावा कसं म्हणायचं?

मात्र इथे लगेच आपली पाठ थोपटून घेऊ नये. सगळेच काही आईच्या जागी नसतात.

महाभारतात दानाचं सगळ्यात मोठं नाव कर्णाचं. आपण 'दानशूर' म्हटलं की पुढचा शब्द आपोआप 'कर्ण' येतो. वनपर्वातली गोष्ट आठवा. सूर्य स्वप्नात येऊन सांगतो, इंद्र ब्राह्मण बनून कवचकुंडलं मागायला येईल, देऊ नकोस, जीव जाईल. कर्ण काय म्हणतो? मला जिवापेक्षा कीर्ती प्यारी आहे. स्पष्टच सांगतो बिचारा, लपवत नाही! मग सूर्य म्हणतो, देणारच असशील तर बदल्यात इंद्राची अमोघ शक्ती तरी माग. आणि कर्ण ती मागून घेतो. एकदाच वापरता येणारी ती शक्ती पुढे घटोत्कचावर खर्ची पडली.

म्हणजे बघा, नावाची इच्छा आहे, वर सौदाही आहे. आजचा श्लोक पट्टी म्हणून लावला तर हे दान सात्त्विक ठरणार नाही. पण व्यासांनी काहीही झाकून ठेवलं नाही, आणि इतकं सगळं माहीत असूनही लोकांनी त्याला दानशूर म्हणणं सोडलं नाही. अंगाशी चिकटलेलं कवच त्याने सोलून काढून दिलं, रक्तबंबाळ होऊन. हेतू मिसळलेला होता, देणं मात्र खरं होतं. मला हे फार दिलासा देणारं वाटतं.

त्याच वनपर्वात दुसरं टोक आहे. वनवासात द्रौपदी धर्मराजाला भांडून विचारते, एवढे यज्ञ केलेत, एवढी दानं केलीत, मिळालं काय? (द्रौपदीचे प्रश्न मला नेहमीच उत्तरांपेक्षा धारदार वाटतात.) धर्मराज सांगतो की मी फळ शोधत धर्म करत नाही, द्यायला हवं म्हणून देतो. आज आपण वाचलेल्या श्लोकात भगवंतांनी वापरलेला भाव तोच. आणि पुढे तो एक कडक शब्द वापरतो: जो धर्माचा व्यापार करतो तो धर्म मानणाऱ्यांत सगळ्यात खालचा.

धर्माचा वाणी! हा शब्द ऐकला की मला वाढदिवसाची आठवण होते. हल्ली वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करायची पद्धत आहे. केक नेतात, खाऊ नेतात, चांगलंच आहे. मुलांना गोडधोड मिळतं. पण मग मुलांना रांगेत उभं करतात, पाहुण्यांच्या मधे बसवतात, हसायला सांगतात, फोटो काढतात. तो फोटो संध्याकाळपर्यंत शंभर जणांकडे पोचतो. त्या मुलाला कोणी विचारलं का, बाळा, तुझा चेहरा दाखवू का? श्लोक म्हणतो, परत देऊ न शकणाऱ्याला दे. आपण इतके हुशार की ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही त्याच्याकडूनही वसुली करतो. त्याचं हसू घेतो, त्याची कृतज्ञता घेतो, त्याची लाचारी घेतो. गाडगेबाबा पाया पडायला आलेल्याला पडू देत नसत. गावात आले की आधी खराटा हातात, भाकरी नंतर. तेवढीही परतफेड त्यांना नको होती.

श्लोकातला 'काळ' हा शब्दसुद्धा इथे लावून बघा. त्या मुलांना भूक रोज लागते. वाढदिवस आपला असतो.

आता जरा अवघड गोष्ट. मागे एका ताईंनी विचारलं होतं, ते इथे सांगतो. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, आता सुनेला ओळखतही नाहीत. ताई सगळं करतात. सणावाराला नातेवाईक येतात आणि म्हणतात, "अशी सून मिळायला भाग्य लागतं." ताई म्हणाल्या, "दादा, खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटतं. कधी कधी तर मी वाट बघते कोणी म्हणेल म्हणून. मग माझी चार वर्षांची सेवा फुकटच गेली ना? स्वार्थच झाला ना तो?"

या प्रश्नात हसू नव्हतं. 'सगळा स्वार्थच असतो' हे वाक्य कट्ट्यावर बसलेल्या माणसाला मोकळं करतं. मग त्याला काहीच करायला नको. पण खरोखर राबणाऱ्या माणसाच्या कानावर ते पडलं की त्याचे हात गळतात.

मी त्यांना म्हटलं, कौतुक दिवाळीला होतं आणि चादर रात्री दोन वाजता बदलावी लागते. त्या वेळी कोण बघतं? सासूबाई तर ओळखतही नाहीत, त्या आभार मानणार नाहीत. ताई, 'अनुपकारी' याहून वेगळा असतो का? कौतुकाची इच्छा ही तुमच्या सेवेवर बसलेली धूळ आहे. सेवा त्या धुळीची बनलेली नाही. त्या म्हणाल्या, कधी चिडचिडही होते. मग आम्ही पुढचा श्लोक काढला. त्यात भगवंत नाखुशीने, जिवावर आल्यासारखं दिलेलं दान राजस म्हणतात. पण मला विचाराल तर शरीर थकणं वेगळं आणि देण्याचं जिवावर येणं वेगळं. चार वर्षं झोपमोड झालेलं माणूस चिडतं. त्याला राजस म्हणून हिणवायचं कारण नाही. त्याला झोप हवी असते.

आणि त्या कौतुक करणाऱ्यांचं काय? माझं मत कडू वाटेल. "अशी सून मिळायला भाग्य लागतं" असं म्हणून चहा पिऊन निघून जाणाऱ्या दिरा-नणंदांनी आठवड्यातल्या दोन रात्री वाटून घ्याव्यात. शब्द देऊन रात्री वाचवल्या जातात तेव्हा स्वार्थ नेमका कोणाचा, हे तिथे शोधायला हवं.

ताईंना मी अठराव्या अध्यायातला पाचवा श्लोकही दाखवला. यज्ञ, दान, तप सोडू नयेत, करावेतच, असं भगवंत तिथे निक्षून सांगतात आणि कारण देतात की ती माणसाला शुद्ध करतात. सहाव्यात मग आसक्ती आणि फळ सोडून करण्याची गोष्ट येते. क्रम नीट बघा. मन निर्मळ झाल्यावर द्यायला लागा असं नाही म्हटलेलं. देता देता ते निर्मळ होतं. अंग स्वच्छ झाल्यावर साबण लावू, असं कोणी म्हणतं का?

वारीतही हेच दिसतं. आळंदीहून पालखी निघाली की वाटेवर पुढाऱ्यांचे फलक असतात, खाली मोठ्या अक्षरात 'सौजन्य'. त्याच फलकाखाली कोणी वारकऱ्यांच्या तुटलेल्या चपला शिवत बसलेला असतो, कोणी पायांना तेल चोळत असतो. ज्याचे पाय चोळले तो दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात. नाव माहीत नाही, पुन्हा भेट नाही. फलकही तिथेच आणि तेलाची वाटीही तिथेच. मला फलकाचा राग येतो, पण पिठलं-भाकरी त्या मांडवातही गरमच मिळते, हे कबूल करायला हवं.

शेवटी माउलींकडे येऊ. शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. एवढं काम झाल्यावर ज्ञानदेवांनी काय केलं? मागितलं! हो, पसायदान हे मागणंच आहे. वाणीचा यज्ञ झाला, आता प्रसन्न होऊन मला प्रसाद द्या, असं ते विश्वात्मक देवाला म्हणतात. परतफेडीला माउलींनी नाही म्हटलं नाही. फक्त त्या मागण्याची यादी वाचा. पहिलं नाव दुष्टांचं, त्यांचा वाकडेपणा जावो म्हणून. मग सगळ्या जीवांची एकमेकांशी मैत्री, मग ज्याला जे हवं ते त्याला मिळो. आज रात्री पसायदान म्हणताना त्यात माउलींचं स्वतःचं घर, भावंडं, मान, पैठणकरांनी दिलेला त्रास, यातलं काही सापडतं का बघा.

उद्या एकविसावा श्लोक, राजस दान. त्यातला नाखुशीचा भाग आज थोडा झालाच आहे, उरलेला उद्या घेऊ.

॥ राम कृष्ण हरि ॥