काल्यातील डोंगर

काल्याच्या कीर्तनात आम्ही गोवर्धनाचे चरित्र लावतो. भगवंतांनी करंगळीवर पर्वत धरला, तेथे टाळ्या पडतात. पण त्याआधीचा नंदबाबांशी झालेला संवाद आम्ही कीर्तनकार मंडळी घाईने उरकतो. भागवताच्या दशमस्कंधात कृष्ण बापास स्पष्ट सांगतो की, बाबा, आपणांस ना नगर ना गाव. आपण रानाडोंगरांत राहणारे. तेव्हा पूजा करायची ती गाईंची, ब्राह्मणांची आणि या डोंगराची. गाईंस वाढवितो तो गोवर्धन. नावातच चारा आहे.

मग आपला गोवर्धन कोणता? पंढरीस चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा म्हणावयाचे. एरवी ती भीमाच, आणि तिचा उगम भीमाशंकरच्या डोंगरात. १९८५ साली ते रान अभयारण्य झाले. तेथले शेकरू शेंड्याशेंड्यांवरून फिरते, जमिनीवर क्वचितच उतरते. रस्त्यासाठी मधली चार झाडे पाडली की त्याची वाट तुटली. त्याच्या लेखी तो रस्ता म्हणजे पूर आलेली नदी, आणि नावाडी नाही!

त्या डोंगराच्या पायथ्याशी एका गावी कीर्तन झाल्यावर एक म्हातारे गुराखी आम्हांस म्हणाले, “बुवा, कवळं गवात लवकर फुटावं म्हून लोक डोंगराला काडी लावत्यात. दरसाल जाळलं की चांगलं गवात जातं, कुसळ ऱ्हातं. गाय त्वांड लावीत न्हाई.” आम्ही आजवर समजत होतो, वणवा आपोआप लागतो! लावा-तित्तिरांची घरटी जमिनीवर. ती अंड्यांसकट भाजतात. भेकरास आडोसा उरत नाही. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्याला लागते आणि ओढा भीमेला. पूर्वी गवताचे बी झडेपर्यंत कुरणात गुरे घालीत नसत. आता कुरणेच आखडली, मग राखायचे काय आणि चारायचे कुठे?

पण सगळा दोष काडी लावणाराच्या माथी मारून आपण टाळकऱ्यांनी सुटू नये. एका श्रावणात आमच्याच मंडळींनी भीमाशंकरी फराळ केला आणि पिशव्या तेथेच टाकल्या. एक गाय खिचडीची प्लास्टिकची पिशवी चघळीत होती. आम्ही पाहिले, आणि आरतीची वेळ झाली म्हणून तसेच पुढे गेलो.

त्या वर्षीचा काला आम्हांस फार जड गेला. गोवर्धनाच्या पदाशी आवाज लागेना.

यंदा श्रावणात पुन्हा जाणे आहे. फडातील मंडळींनी चार रिकामी पोती सोबत घेण्याचे ठरविले आहे. त्यांतले एक खांद्यावर घेण्याचा मान आम्ही मागून घेतला आहे.