निसटलेल्या जागी परत

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगचं ध्वनिमुद्रण एकदाच वाजतं. चार भाग, ४० प्रश्न आणि सुमारे ३० मिनिटांचं ऐकणं. केंब्रिजच्याच बी-टू फर्स्ट परीक्षेत तोच संवाद दोनदा ऐकवतात. इथे ती सवलत नाही. त्यामुळे तयारीला बसलेली बहुतेक मुलं पहिल्या दिवसापासून एकदाच ऐकायचा नेम धरतात. एक मॉक, म्हणजे सराव परीक्षा, सोडवायची, उत्तरं ताडायची, २४ आले म्हणून खट्टू व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी नवी मॉक उघडायची. महिनाभराने आकडा २४ च्या आसपासच घुटमळत असतो.

४० पैकी २४ म्हणजे साधारण ६ बँड, आणि ३० च्या आसपास ७. ब्रिटनमध्ये काम करू पाहणाऱ्या परिचारिकेला तिथली नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल या परीक्षेतून लिसनिंगला ७ मागते. म्हणजे तिची नोकरी सहा उत्तरांवर अडलेली असते. ही सहा उत्तरं नव्या मॉकमध्ये सापडत नाहीत. कालच्या मॉकमध्ये ती जिथे निसटली, तिथेच ती अजून आहेत. परीक्षेत एकदाच ऐकायला मिळणार आहे, म्हणूनच सरावात तेच वाक्य दहादा ऐकायला हवं. मॉक फक्त सांगते की सतरावं उत्तर चुकलं. ते का चुकलं, हे त्या दोन-तीन सेकंदांत परत गेल्याशिवाय कळत नाही.

परत गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे शब्द बहुधा ओळखीचेच होते. सरावाच्या पुस्तकात मागे छापलेली संहिता उघडली की मुलगी म्हणते, ‘अरे, हे तर मला येतं!’ तिला ते वाचायला येतं. कानाला मात्र ते वेगळ्याच रूपात भेटलं होतं. ‘शुड हॅव’ हे दोन शब्द तिच्या कानावर ‘शुडव’ असे एकत्र आले, ‘नेक्स्ट डे’मधला ट बोलणाऱ्याने गिळला, ‘अॅन अॅपल’मधला न पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला. यात इंग्रजांचा आळस नाही. आपणही ‘येत आहे’ म्हणत नाही, ‘येतंय’ म्हणतो. ‘बसला आहे’चं ‘बसलाय’ करतो. पुस्तकातून मराठी शिकलेला परदेशी माणूस त्यात ‘आहे’ शोधत बसला, तर त्याला ते सापडणार नाही. आपल्याला शोधावं लागत नाही, कारण लहानपणापासून ते जोडरूपच कानात बसलेलं आहे.

इंग्रजीत हे आणखी पुढे जातं. तिथे वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दांवर आघात येतो आणि मधले छोटे शब्द जवळजवळ विरघळून जातात. मराठीत आपण बऱ्यापैकी प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ देतो, त्यामुळे आपला कान प्रत्येक अक्षराची वाट पाहतो. थर्टीन की थर्टी, हा फोननंबर-तारखांच्या पहिल्या भागातला नेहमीचा घोळ. शेवटचा न ऐकू येतो का, याकडे कान लावून बसण्यापेक्षा आघात कुठे पडला ते ऐकावं: थर्टीमध्ये तो सुरुवातीला असतो, थर्टीनमध्ये बहुधा शेवटी. तसंच ‘कॅन’चं. होकारात त्यातला स्वर बहुतेक वेळा पुसट होतो, ब्रिटिश नकारात मात्र ‘कान्ट’ असा लांब आणि ठसठशीत येतो. ट ऐकू आला नाही तरी स्वरावरून अर्थ लागतो. ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’ यांत आपण चाचपडतो, कारण ऱ्हस्व-दीर्घ आपण शुद्धलेखनात पाळतो, बोलण्यात फारसं नाही.

यावर जुना आणि फार प्रामाणिक उपाय आहे: श्रुतलेखन. केंब्रिजने १९१३ साली परभाषिकांसाठी प्रोफिशिअन्सीची पहिली परीक्षा घेतली, तेव्हा तिच्यात श्रुतलेखन होतं. आज ते मागासलेलं समजून बाजूला ठेवलं जातं, हे मला पटत नाही. मिनिटभराचाच तुकडा घ्यावा. एकेक वाक्य थांबवून जसं ऐकू आलं तसं लिहावं, अडलेल्या जागी रिकामी रेघ सोडावी. ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकूनही रेघ भरली नाही, तरच संहिता उघडावी. मग डोळ्यांसमोर शब्द ठेवून तोच तुकडा ऐकायचा, शब्द झाकून ऐकायचा, आणि शेवटी बोलणाऱ्याच्या वेगाने स्वतः म्हणायचा. गाणं शिकणारा शिष्य गुरूने घेतलेली एखादी जागा गळ्यात बसेपर्यंत तेवढीच घोटतो, अख्खा राग रोज नव्याने गात सुटत नाही, तसंच हे. जे आपल्या तोंडून त्या वेगाने निघतं, ते कानाला सहसा चकवत नाही.

जॉन फील्ड या अभ्यासकाने २००८च्या आपल्या पुस्तकात हेच दुखणं मांडलं आहे: ऐकवा, प्रश्न विचारा, उत्तरं तपासा, या वर्गातल्या रिवाजात ऐकण्याची परीक्षा होते, ऐकणं शिकवलं जात नाही. आपल्याकडच्या क्लासांनी हे मनावर घ्यायला हवं.

अर्थात प्रत्येक निसटलेली जागा ध्वनीची नसते. कधी सगळे शब्द ऐकू येऊनही उत्तर चुकतं, कारण बोलणारी बाई मंगळवार म्हणते आणि लगेच ‘नाही, त्या दिवशी मला जमणार नाही, गुरुवारी’ असं बदलते. ‘मंगळवार’ ऐकताच पेन चाललेलं असतं. कधी आधीच्या प्रश्नात मन अडकलेलं असतं. प्रश्न ध्वनिमुद्रणाच्याच क्रमाने येतात. तेव्हा बारावं गेलं तर ते सोडून तेराव्याची वाट पाहावी, नाहीतर एकासाठी तीन जातात. चुकलेल्या उत्तरासमोर म्हणून कारण लिहावं: कानाने सोडलं, घाई केली, की मन मागे राहिलं. आठवड्याभराच्या अशा नोंदी पाहिल्या की कुणाच्या वहीत घाईच घाई दिसते, कुणाच्या वहीत नुसते आकडे आणि स्पेलिंगं. पहिल्याने वाक्य संपेपर्यंत पेन टेकवायचं नाही. दुसऱ्याने रोज दहा मिनिटं पहिल्या भागातले पत्ते, नावं आणि फोननंबर लिहून घ्यायचे. नवी मॉक आठवड्यातून एक पुरे, आणि ती मात्र न थांबवता, एकदाच ऐकून सोडवायची.