जिथे नियम ठरतात

लंडनमध्ये बकिंगहॅम राजवाड्याजवळ लँकेस्टर हाउस नावाची एक सरकारी वास्तू आहे. युरोपशी आपले नाते काय असावे, हे ब्रिटनच्या पंतप्रधानांनी याच वास्तूतून तीनदा जगाला सांगितले आणि तिन्ही वेळा वेगवेगळे सांगितले. १८ एप्रिल १९८८ रोजी मार्गारेट थॅचर तिथे उद्योगपतींपुढे उभ्या राहिल्या. तीस कोटींहून अधिक ग्राहकांची अडथळ्यांविना बाजारपेठ येते आहे, तयारीला लागा, असे त्यांनी बजावले. १७ जानेवारी २०१७ रोजी थेरेसा मे यांनी तिथूनच जाहीर केले की, ती एकसंध बाजारपेठ ब्रिटन सोडणार. आणि १९ मे २०२५ रोजी कीर स्टार्मर यांनी युरोपीय संघाच्या नेत्यांना तिथेच बोलावून, निदान अन्नपदार्थ आणि वनस्पतींपुरते तरी संघाचे नियम पुन्हा पाळण्याची तयारी दाखवली.

या सदतीस वर्षांत ब्रिटनने काय मिळवले आणि काय गमावले याचे हिशेब पुष्कळांनी मांडले आहेत. मला त्यातला एकच धागा महत्त्वाचा वाटतो. नियम पाळावेच लागतात. ते ठरतात तिथे आपल्याला जागा असते की नसते, एवढाच काय तो फरक. हा फरक कोकणातल्या बागायतदाराला जितका कळतो तितका लंडनच्या राजकारण्यांना २०१६ च्या ब्रेक्झिट जनमताच्या वेळी कळला नव्हता, असे माझे ठाम मत आहे.

एकसंध बाजारपेठ ही ब्रसेल्सच्या बाबूंनी ब्रिटनवर लादलेली गोष्ट आहे, असा समज तिकडे वर्षानुवर्षे पोसला गेला. वस्तुस्थिती उलटी आहे. तिचा आराखडा १९८५ साली तयार केला तो लॉर्ड कॉकफील्ड यांनी, आणि त्यांना युरोपीय आयोगावर पाठवले होते थॅचरबाईंनीच. नुसते आयातशुल्क काढून भागत नाही, हे कॉकफील्ड यांनी ओळखले होते. प्रत्येक देशाचा औषधांचा, मांसाचा, विजेच्या उपकरणांचा नियम वेगळा असेल, तर सीमेवर ट्रक थांबणारच. म्हणून जवळजवळ तीनशे सुधारणांची यादी झाली आणि १ जानेवारी १९९३ पासून बाजारपेठ एक झाली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर दहिसर आणि मुलुंडचे जकात नाके उठले, तेव्हा मालवाहतूकदारांना जे वाटले असेल ते केंट आणि कॅलेच्या मालवाहतूकदारांनी त्याआधी चोवीस वर्षे अनुभवले होते.

आता ब्रिटनने पुन्हा नाका उभारला आहे. डिसेंबर २०२० च्या व्यापारकरारात आयातशुल्क शून्य ठेवले गेले, म्हणून पुष्कळांना वाटले की व्यापार पूर्वीसारखाच चालेल. पण नाक्यावर पैशासाठी थांबावे लागत नसले, तरी कागदांसाठी थांबावेच लागते. माल मूळचा कुठला, याचा दाखला हवा. मांस आणि चीज असेल तर पशुवैद्याच्या सहीचे आरोग्यप्रमाणपत्र हवे. रोप असेल तर ते निरोगी असल्याचा कागद हवा. मोठ्या कंपन्या या कामासाठी माणसे नेमतात. महिन्यातून चार खोकी चीज फ्रान्सला पाठवणारा छोटा उत्पादक निर्यातच बंद करतो. आणि गंमत म्हणू नये अशी गोष्ट ही की, युरोपने ब्रिटिश मालाची तपासणी पहिल्या दिवसापासून सुरू केली, तर ब्रिटनने स्वतःच्या बाजूची तपासणी वारंवार पुढे ढकलत २०२४ पर्यंत नेली. अन्न महागेल ही भीती होती. सीमा आपल्या ताब्यात घ्यायची म्हणून देश बाहेर पडला होता, आणि ताब्यात आलेली सीमा चालवणे सरकारला परवडत नव्हते.

हापूसचा प्रसंग इथे आठवलाच पाहिजे. मार्च २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या वनस्पती-आरोग्य समितीने भारतातून येणारा आंबा आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ व अळू यांच्यावर १ मेपासून बंदी घातली. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशीसारखी कीड सापडली होती. बंदी लागू झाली ती ऐन हंगामात. तेव्हा संघात सर्वाधिक भारतीय आंबा खाणारा देश ब्रिटन. लेस्टर, वेम्बली, साउथॉलच्या दुकानदारांचे डोळे वर्षभर त्या सहा-आठ आठवड्यांकडे लागलेले असतात. लेस्टरचे खासदार कीथ वाझ यांनी पंतप्रधान कॅमेरन यांच्याकडे दाद मागितली. त्या दिवसांत ब्रिटनमधल्या अनेक भारतीयांच्या मनात एक वाक्य घर करून बसले: ब्रसेल्सने आपला आंबा अडवला.

ते अर्धसत्य होते. त्या समितीत ब्रिटनचे प्रतिनिधी बसत होते, आणि ब्रिटनच्या पर्यावरण व अन्न खात्याने बंदीचे समर्थन केले होते, कारण काचगृहांत वाढणाऱ्या ३२ कोटी पौंडांच्या टोमॅटो-काकडीच्या पिकाला ती माशी लागण्याची धास्ती होती. उलट वेगाने हालचाल झाली ती आपल्याकडे. आंब्याला ठरावीक तापमानाच्या गरम पाण्यात किंवा उष्ण बाष्पात ठेवण्याची प्रक्रिया, वाशीतले पणन मंडळाचे केंद्र, तपासणीची नवी शिस्त हे सगळे उभे राहिले, आणि २० जानेवारी २०१५ रोजी संघाने आंब्यावरची बंदी उठवली. ठरली होती त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी. भाज्यांना मात्र आणखी थांबावे लागले.

देवगड-रत्नागिरीचा बागायतदार त्या समितीत नव्हता. त्याला मत नव्हते, सूचना करायची सोय नव्हती. होता तो फक्त नियम, आणि तो पाळला तरच बाजार. ज्याची बाजारपेठ मोठी, त्याचा नियम. हे आपल्याला काही नव्याने शिकायचे नव्हते. १८९६ साली लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावाखाली इंग्रज सरकारने परदेशी कापडावरचे आयातशुल्क साडेतीन टक्क्यांवर आणले आणि मुंबईच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तेवढाच उत्पादनकर बसवला. मुंबईच्या मालकांना आणि कामगारांना त्या निर्णयात स्थान नव्हते. तो कर रद्द व्हायला १९२६ साल उजाडले. ज्या देशाने शतकभर इतरांना असे दाराबाहेर उभे केले, त्याने २०२० साली स्वखुशीने दाराबाहेरची जागा पत्करली, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

ब्रेक्झिटच्या बाजूचा युक्तिवाद हलका होता असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्यांना आपण निवडून देत नाही आणि पाडूही शकत नाही अशांनी कायदे का करावेत, हा प्रश्न लोकशाहीतला मूलभूत प्रश्न आहे. २३ जून २०१६ च्या जनमतात ५१.९ टक्के मतदारांनी त्याला दिलेले उत्तर अडाणीपणाचे होते, असे म्हणणाऱ्यांनी त्या देशातल्या उजाड गिरणीगावांकडे पाहिलेले नाही. पण बाहेर पडल्यावर नियम स्वतःचे होतील, हे जे वचन त्यांना दिले गेले ते पुरे करणे कोणाच्याही हातात नव्हते. संघाचे जवळजवळ सारे कायदे बाहेर पडताना होते तसेच ब्रिटिश कायदे म्हणून चालू ठेवले गेले. २०२३ अखेर ते सरसकट रद्द करण्याची घोषणाही झाली. मग व्यापारमंत्री केमी बॅडनॉक यांना मे २०२३ मध्ये ती मागे घेऊन सुमारे ६०० कायद्यांवर समाधान मानावे लागले. कारण युरोपला माल विकणाऱ्या कारखान्याला दोन बाजारांसाठी दोन प्रकारचा माल काढणे परवडत नाही. लंडनने नियम बदलला तरी तो युरोपचाच पाळणार.

आपल्या लोकांना दिलेले वचन तर आणखी कच्चे होते. ब्रेक्झिटच्या बाजूच्या नेत्या प्रीती पटेल यांनी करी हाउसवाल्यांना सांगितले होते की युरोपातून येणाऱ्यांचा लोंढा थांबला की दक्षिण आशियातून आचारी आणता येतील. बांगलादेशी उपाहारगृहचालकांच्या संघटनेने त्यावर विश्वास ठेवला. पुढे पटेल स्वतः गृहमंत्री झाल्या, आणि आचाऱ्यांची टंचाई तशीच राहिली. लेस्टरने मात्र अगदी काठावर, ५१.१ टक्क्यांनी, संघात राहण्याच्या बाजूने कौल दिला होता.

या सगळ्या वादाची गाठ बसली ती उत्तर आयर्लंडमध्ये. आयर्लंडच्या दोन भागांमधली सीमा सुमारे पाचशे किलोमीटरची. दोनशेहून अधिक रस्ते ती ओलांडतात. तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे गेली. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतताकरारानंतर तिथल्या चौक्या उठल्या, आणि दोन्ही बाजू एकाच बाजारपेठेत असल्यामुळे त्या परत उभारण्याचे कारणच उरले नव्हते. बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसाला मुद्दाम समजावून सांगावे लागणार नाही की नकाशावरची रेघ घरात कशी शिरते.

आता तीन गोष्टी एकत्र बसेनात. ब्रिटनचे नियम वेगळे हवेत, आयर्लंडमध्ये चौकी नको, आणि उत्तर आयर्लंड व उरलेल्या ब्रिटनमध्येही चौकी नको. यातल्या दोनच शक्य आहेत. थेरेसा मे यांनी पहिली गोष्ट सैल करून पाहिली; १५ जानेवारी २०१९ रोजी संसदेने त्यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेकून दिला. बोरिस जॉन्सन यांनी तिसरी सोडली, चौकी समुद्रात नेली आणि असे काही होणार नाही असे लोकांना सांगत राहिले. मग ब्रिटिश सॉसेज बेलफास्टच्या दुकानात जावेत की नाहीत यावर दोन सरकारे भांडली. या चौकीच्या निषेधार्थ डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्ष फेब्रुवारी २०२२ मध्ये सत्तेबाहेर पडला आणि दोन वर्षे उत्तर आयर्लंडची स्टॉर्मोंट विधानसभा ठप्प झाली. दवाखान्यांच्या रांगा वाढत असताना निर्णय घेऊ शकणारे मंत्रिमंडळ नव्हते. ऋषी सुनक यांच्या फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर करारात एक चांगली गोष्ट झाली: युरोपच्या बदललेल्या नियमाला दोन पक्षांच्या मिळून तीस आमदारांना हरकत घेता येते. डिसेंबर २०२४ मध्ये विधानसभेने ही व्यवस्था ४८ विरुद्ध ३६ मतांनी पुढे चालू ठेवली. तीस जणांची हरकत हे मत नव्हे, पण निदान कोणीतरी तिथल्या माणसाला विचारले.

दरम्यान ब्रिटन दूरचे बाजार शोधत होता. जॉन्सन यांनी भारताशी करार २०२२ च्या दिवाळीपर्यंत होईल असे म्हटले होते. त्या दिवाळीला करार नव्हता. तो झाला २४ जुलै २०२५ रोजी. ब्रिटनच्या सरकारी अंदाजाप्रमाणे त्याने दीर्घकाळात त्यांच्या राष्ट्रीय उत्पन्नात सुमारे ०.१३ टक्क्याची भर पडेल. त्याच देशाची अर्थसंकल्पावर नजर ठेवणारी स्वतंत्र संस्था म्हणते की, युरोप सोडल्याने उत्पादकता दीर्घकाळात चार टक्क्यांनी घटेल. करार आपल्या कापडाला आणि चामड्याच्या वस्तूंना उपयोगी आहे, त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण शेजारचे हरवलेले गिऱ्हाईक हजारो मैलांवरचा ग्राहक भरून देत नाही.

आणि म्हणूनच स्टार्मर लँकेस्टर हाउसमध्ये परतले. अन्न आणि वनस्पतींबाबत संघाचे नियम बदलतील तसे आपलेही बदलत न्यायचे, युरोपीय कायद्याच्या अर्थाबाबत शेवटचा शब्द युरोपीय न्यायालयाचा मानायचा, आणि नियम तयार होताना आपले म्हणणे मांडायचे, मात्र मत द्यायचे नाही, अशी त्या समझोत्याची दिशा आहे. युरोपच्या मच्छीमारांना २०३८ पर्यंत ब्रिटिश समुद्रात जाऊ देण्याचेही कबूल झाले. नायजेल फराज आणि बॅडनॉक यांनी याला शरणागती म्हटले. मला हा समझोता शहाणपणाचा वाटतो. छोट्या व्यापाऱ्याचे कागद कमी होणार असतील तर व्हायलाच हवेत. पण फराज यांच्या बोलण्यातला एक कण खरा आहे: आधी ब्रिटनला मत होते आणि आता नाही. ते मत गमावण्याची मोहीम त्यांनीच चालवली होती.

आपल्यासाठी यात एक अगदी व्यवहारी गोष्ट आहे. हा समझोता पूर्णपणे अमलात आला की लंडनच्या हिथ्रो विमानतळावर उतरणाऱ्या आंब्याच्या पेटीला कोणत्या किडीचा कोणता नियम, हे पुन्हा ब्रसेल्समध्ये ठरण्याची दाट शक्यता आहे. २०१४ साली लेस्टरचा दुकानदार खासदाराला गाठू शकत होता, खासदार मंत्र्याला, आणि त्या मंत्र्याच्या माणसाला समितीत मत होते. आता शेवटचा दुवा निसटलेला असेल. लंडनमधल्या आपल्या उच्चायुक्तालयाने कितीही चांगले संबंध राखले तरी त्याचा तिथे उपयोग मर्यादित. तेव्हा केंद्राची शेतमाल-निर्यात संस्था अपेडा आणि राज्याच्या पणन मंडळाने युरोपच्या वनस्पती-आरोग्य समितीचे काम वर्षभर वाचणारा, नियमाचा मसुदा येताच आक्षेप नोंदवणारा जाणकार माणूस ब्रसेल्समध्ये बसवावा, आणि त्याने काय केले याचा अहवाल दर हंगामाआधी रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या बागायतदारांपुढे मराठीत ठेवावा.