शब्दकोड्याचा मोह

पन्नाशी उलटल्यावरहि आम्ही रोज सकाळीं 'वर्डल' हें कोडें सोडवितों. पांच अक्षरांचा इंग्रजी शब्द, सहा प्रयत्न, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत मुकाट्यानें वाट पाहणें. हा कालापव्यय आहे, असें कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं. जॉश वॉर्डल यांनीं तें आपल्या सहचारिणीसाठीं रचलें. २०२१ च्या ऑक्टोबरांत तें सर्वांस खुलें झालें, व २०२२ च्या जानेवारींत 'न्यूयॉर्क टाइम्स'नें विकत घेतलें. दिवसाला एकच कोडें देणारा हा कर्ता आम्हांस आदरणीय वाटतो. दुसऱ्याचा वेळ आयता हातीं आला असतां तो न लुटणें थोड्यांसच साधतें.

असलें एखादें कोडें मराठींत रचावें, असें स्वप्न आम्हांसहि पडतें. परंतु पहिल्याच पायरीवर अडतें: 'स्त्री' हें अक्षर एक मानावें कीं चार? नुसती वेलांटी चुकली तर सारें अक्षर चुकलें म्हणावें काय? अडचणीची गोडीहि आम्हांस आहेच. भीति निराळी आहे. चार लोकांनीं वाहवा केल्यावर त्याच दिवशीं दुसरें कोडें पुढें करण्याचा मोह आम्हांस आवरेल, अशी हमी आम्ही देऊं शकत नाहीं. वही तूर्त टेबलाच्या खणांत आहे. काल 'स्त्री'पुढें एकाचा आंकडा लिहिला होता. आज तो खोडला.