एका वेळी एकच

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या त्या जुन्या मराठी घरात घट्ट कुरळे केस एका पिढीत कुणा एकीच्याच वाट्याला यायचे. पणजीचे तसे होते, मग मोठ्या आत्याचे, आणि आता धाकट्या नातीचे. लाटेसारखे मोकळे कुरळे नव्हेत. एकेक बट पेन्सिलीभोवती बसेल एवढी घट्ट वळलेली. ओले असताना पाठीच्या मध्यापर्यंत पोचणारे केस वाळले की खांद्याशी येऊन थांबायचे. शाळेत पोरं तिला साईबाबा म्हणायची, मॅगी म्हणायची. घरी आई रोज सकाळी बारीक दातांचा कंगवा घेऊन ते कोरडेच ओढायची आणि दोन वेण्या घालायची. लेकीच्या डोळ्यांत दुखण्याचं पाणी, आईच्या कपाळावर उशीर झाल्याची आठी.

आईला दोष देऊ नये असं मला मनापासून वाटतं. तिचे स्वतःचे केस सरळ. कोरड्या कुरळ्या केसांतून कंगवा फिरवला की ते तुटतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दुकानात केसांचं जे काही मिळायचं, त्याच्यावर सरळ केसांच्याच बाईचं चित्र असायचं.

मुलगी कॉलेजात गेली, शिकवण्या घेऊ लागली आणि हातात थोडे पैसे आले. मुंबईच्या मावसबहिणीचेही केस कुरळे, आणि दिसायचे फार सुंदर. हिने तिला फोन करून नावं विचारली आणि तीच बाटली, तीच क्रीम मागवली. मे महिना होता. जबलपूरला त्या दिवसांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, दुपारी लू वाहते, हवेत ओलावा नावालाही नसतो. मुंबईत ज्या क्रीमने बटा चमकत होत्या, त्याच क्रीमने इथे केस ताठ आणि खरखरीत झाले. मग जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारातून दुसरा शांपू आला, तिसरं जेल आलं. एका आठवड्यात तिने सगळंच बदललं. कशाने काय बिघडलं, कळायला मार्ग उरला नाही.

सुट्टीला आलेली धाकटी आत्या म्हणाली, "कशाला एवढा त्रास करून घेतेस? सरळच करून टाक. सहा महिने बघायला नको."

मुलगी तयारही झाली. एका पार्लरमध्ये जाऊन चौकशी करून आली. तिथे कुणाच्या तरी केसांवर औषध लावून गरम इस्त्री फिरवत होते, त्या वासाने हिचे डोळे चुरचुरले. घरी येऊन तिने ते आजोबांना सांगितलं.

आबांची सगळी नोकरी गन कॅरेज फॅक्टरीतली. १९०४ साली सुरू झालेला हा कारखाना; जबलपूरच्या कितीतरी मराठी घरांची चूल त्याच्यावर पेटली. आबा तपासणीच्या विभागात होते. भट्टीतून आलेला तुकडा हातात घेऊन तो कुठल्या जातीचा, किती कडक, कशाने तडकेल, हे आधी लिहायचं आणि मगच त्याच्यावर काय करायचं ते ठरवायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय.

"डोळे चुरचुरले म्हणतेस?" आबांनी विचारलं. "बेटा, अशा कित्येक औषधांना गरम केलं की फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो. त्याने कर्करोग होऊ शकतो हे जगाने मान्य केलंय. तुझ्या डोळ्यांनी तुला आधीच सांगितलं, ते ऐक. आणि आता मला सांग, तुझा माल काय आहे?"

"म्हणजे, आबा?"

"केस. त्याला काय लावायचं याची यादी तुझ्याकडे आहे. तो काय आहे, हे कुठे लिहिलंयस?"

त्यांनी कपाटातून कापडी पुठ्ठ्याचं एक कोरं रजिस्टर काढलं. माझ्या मते या घराच्या गोष्टीतला मोलाचा क्षण हाच; बाकी सगळं त्याच्यामागून आलं.

पहिल्या पानावर 'माल'. दोघांनी मिळून वाचलं, पाहिलं, लिहिलं. सरळ केस आडवा कापला तर साधारण गोल दिसतो, घट्ट कुरळा केस चपटा, लांबट. तो ज्या मुळातून उगवतो ते मूळच त्वचेच्या आत वाकलेलं असतं, म्हणून कुठलंही तेल किंवा औषध त्याचं वळण कायमचं बदलू शकत नाही. टाळूतून पाझरणारी स्निग्धता सरळ केसावरून टोकापर्यंत उतरते. इथे प्रत्येक वळणावर अडते. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडे, हे अशा केसांचं रोजचं दुखणं. केसाला पाणी किती लवकर लागतं आणि वाळायला किती वेळ जातो, तेही तिने लिहिलं. पेल्यातल्या पाण्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो हे पाहायची एक युक्ती तिला ठाऊक होती. आबांनी ती बाद केली. "केसाला तेल असलं तरी तरंगेल, नुसत्या पाण्याच्या ताणानेही तरंगेल. जी चाचणी दोन कारणांनी एकच उत्तर देते, ती चाचणी नव्हे."

दुसऱ्या पानावर 'पाणी'. घरात नर्मदेचं नळाचं पाणी येई आणि उन्हाळ्यात ते कमी पडलं की अंगणातल्या बोरचं वापरायचे. आबांनी दोन सारख्या बाटल्या घेतल्या, एकीत नळाचं, दुसरीत बोरचं, आणि दोन्हींत धुण्याच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवलं. नळाच्या पाण्यावर फेस चढला. बोरच्या पाण्यात पांढरट साय तरंगली, फेस जेमतेम. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार होते ते. असे क्षार केसावरही बसतात आणि केस राठ होतो. मे महिन्यात मुलगी नेमकी बोरच्याच पाण्याने न्हात होती, आणि सगळा राग मात्र क्रीमवर निघाला होता.

क्रीम अगदी निर्दोष होती असंही नाही. तिच्या वेष्टणावर पाण्याच्या पाठोपाठ ग्लिसरीनचं नाव. घटकांची ही यादी मनाला येईल तशी छापत नाहीत. जास्त असलेला घटक आधी, कमी असलेला नंतर, आणि एक टक्क्याहून कमी असलेले शेवटी कसेही. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. मुंबईच्या दमट हवेत त्याला हवेतून पाणी मिळतं. वैशाखातल्या जबलपुरात ते आणणार कुठून? आणि भर पावसाळ्यात, जेव्हा इथलीही हवा ओलीचिंब असते, तेव्हा तेच ग्लिसरीन जास्तीचं पाणी ओढून केस फुलवतं. तिसऱ्या पानाचं नाव 'हवा' पडलं ते यामुळे.

मगच चौथं पान, 'काय लावलं'. त्याच्या माथ्यावर आबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: एका वेळी एकच बदल.

आधी फक्त पाणी बदललं. न्हाणं नळाच्या पाण्याने. मग तीव्र सल्फेटचा शांपू जाऊन सौम्य आला. मग ओल्या केसांत कंडिशनर भरपूर लावून, तो धुण्याआधी बोटांनी आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता सोडवणं. इथे आई पुढे आली. इतक्या वर्षांत लेकीच्या डोळ्यांत पाणी न आणता तिने पहिल्यांदा तिचे केस विंचरले. राठ टॉवेलाऐवजी आबांच्या जुन्या धोतराचा तुकडा. न्हाण्याआधी खोबरेल, हे तर पणजीपासूनचं. मुंबईतल्या दोन संशोधकांनी २००३ साली दाखवून दिलं की खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल या तिघांपैकी खोबरेलच केसाच्या आत शिरून त्यातल्या प्रथिनांची झीज कमी करतं. आजी ते वाचून काही बोलली नाही. वाटी तेवढी पुढे सरकवली.

आकार धरून ठेवायला जेल हवं होतं. मध्य प्रदेशात जवस भरपूर पिकतो. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळून, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटू लागली की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळून घ्यायचं. गार झालं की गळत नाही. ते ओल्या केसांना लावून मुठीत हलकेच दाबायचं. वाळताना केसांवर पातळ कडक पापुद्रा येतो, पूर्ण वाळल्यावर तो हाताने चुरला की बट मऊ आणि सुटी होते. घरी केलेल्या जेलात टिकवायचं काही नसतं, म्हणून ते फ्रीजमध्ये आठवडाभर, फार नाही. पावसाळ्यात हे जेल पुरेना, तेव्हा तिने बाजारातलं घट्ट धरणारं, कमी ग्लिसरीनचं जेल आणलं. मावसबहिणीची ती क्रीमही फेकली नाही. पाऊस ओसरल्यावर, हवा ना ओली ना कोरडी अशा दिवसांत ती छान लागू पडली, आणि रजिस्टरात तशी नोंद झाली.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. काही सकाळी एका बाजूच्या बटा उभ्याच राहायच्या. एकदा क्रीम जास्त झाली आणि टाळू चिकट झाली. पण आता 'माझे केसच खराब' हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. रजिस्टर उघडून काय बदललं ते पाहत होते. धाकटी आत्या दिवाळीला आली तेव्हा तिने ते सगळं चाळलं आणि स्वतःच्या घरच्या पाण्याबद्दल विचारलं.

त्याच दिवाळीत शेजारच्या काकू आपल्या आठवीतल्या मुलीला घेऊन आल्या. पोरीचे केस असेच घट्ट, वेणीत करकचून बांधलेले. काकू घाईत होत्या. "बेटा, बस नाम बता दो, कौनसा लगाती हो. आज ही मँगवा लेंगे."

नाव सांगणं सोपं होतं. मुलीने छोटीला शेजारी बसवलं, तिच्या वेणीचं रबर सोडलं, एक बट बोटावर घेऊन पाहिली आणि काकूंना विचारलं, "आंटी, आपके यहाँ पानी नल का आता है या बोरिंग का?"