‘कोण आहे?’ : गृहरक्षण आणि अहिंसाधर्म

अहिंसेचे व्रत स्वीकारलेल्या गृहस्थाच्या घरी रात्री चोर आला, तर त्या गृहस्थाने काय करावे? उपदेशी मंडळींच्या मनात ही शंका पुष्कळ वेळा येते, परंतु ती बहुधा उघडपणे विचारली जात नाही. विचारणाऱ्यास वाटते की, उत्तर आधीच ठरलेले आहे आणि ते आपणास पेलणारे नाही. मग तो दिवसा धर्मवार्ता ऐकतो आणि रात्री उशाशी कुऱ्हाड ठेवून निजतो. या दोहोंमध्ये जे अंतर पडते, त्याचा विचार झाला पाहिजे.

या शंकेला दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे की, चोर नेईल ते नेऊ द्यावे, सर्व नश्वरच आहे. हे उत्तर थोर आहे, परंतु ते ज्याच्यासाठी आहे त्याच्याच मुखी शोभते. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी आपल्या अनुसरलेल्या शिष्यांस संग्रहच करू दिला नाही. वृक्षातळी निजणाऱ्या आणि झोळीत भिक्षान्न घेणाऱ्या साधकास कुलूप लागतच नाही. चोराची भीती त्यांनी मुळातच छाटून टाकली. गृहस्थाचे तसे नाही. त्याच्या घरात पुढील पेरणीचे बियाणे असते, लेकीच्या लग्नासाठी केलेला डाग असतो, शेजारणीने विश्वासाने ठेवावयास दिलेली पाटली असते आणि मुख्य म्हणजे पाळण्यात लेकरू असते. हे सर्व त्याच्या एकट्याचे नाही. दुसऱ्याची वस्तू सोडून देऊन आपण त्याग केला असे मानणे हा त्यागाचा फार स्वस्त प्रकार होय.

दुसरे उत्तर कायद्याचे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ ही खासगी संरक्षणाच्या हक्काविषयी होती. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ आली आहेत. रात्रीच्या वेळी घर फोडून आत शिरणाऱ्यास प्रतिकार करताना त्याचा मृत्यू घडला, तरी विशिष्ट मर्यादेत तो अपराध होत नाही. मात्र संरक्षणासाठी आवश्यक तेवढीच इजा करावी, त्याहून अधिक नको, ही अट पूर्वीही होती आणि आजही आहे. कायदा येथे मारण्याची मुभा देतो, आज्ञा करीत नाही. मुभा असलेली प्रत्येक गोष्ट करावयाची असते तर धर्मशास्त्राचे प्रयोजनच उरले नसते.

खरे पाहता दोन्ही उत्तरे एकाच क्षणाकडे पाहतात. चोर घरात आलेला आहे आणि घरधनी त्याच्यासमोर उभा आहे, असा तो क्षण. परंतु गृहरक्षणाचा नव्वद भाग त्या क्षणाच्या आधी घडतो, आणि तो भाग पाहावयाचा तर वीज नव्हती त्या काळच्या वऱ्हाडातील घर डोळ्यांपुढे आणावे.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा हा जुन्या वऱ्हाडाचाच भाग. या भागातील गढ्या आणि वाडे पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचे असत. दरवाजा सागाचा, त्याला मागून लाकडी अडसर. अडसर म्हणजे भिंतीतील खोबणीत सरकणारी आडवी तुळई. ती आतूनच लावता येते आणि आतूनच काढता येते. मोठा दरवाजा बंद राहून त्यातील लहान दिंडीतून ये-जा होई, आणि त्या दिंडीतून आत येणाऱ्यास वाकूनच यावे लागे. जोंधळा जमिनीखालच्या पेवात, पेवाचे तोंड मातीने लिंपलेले. साध्या कुडाच्या घराला हे वैभव नव्हते. त्याच्याभोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण, दाराशी एक कुत्रे आणि ओसरीवर बाजेवर निजलेले म्हातारे माणूस. म्हाताऱ्या माणसास झोप कमी, खोकला अधिक. घराच्या रक्षणात त्या खोकल्याचा वाटा किती मोठा होता, हे चोरांनाच ठाऊक!

या साधनांत एक विशेष दिसतो. अडसर, काटे, कुत्रे आणि खोकला ही सर्व आत येऊ पाहणाऱ्याचा वेळ घेतात किंवा आतल्यास जागे करतात. अडसराने कोणाचा प्राण गेला असे ऐकिवात नाही. काटा बोचतो, पण तो बोचेल हे दुरूनच दिसते. चोराला परत फिरण्याची वाट त्यांनी मोकळी ठेवलेली असते. हिंसेच्या इच्छेवाचून केलेले हे निवारण आहे. त्यात अहिंसाव्रताला बाध येण्याचे कारण दिसत नाही. उलट दार सताड उघडे टाकून निजणारा आणि मग चोर दिसताच कुऱ्हाड उचलणारा, हाच व्रताचा खरा भंग करतो. कारण जे काम लाकडाच्या तुळईने झाले असते, ते त्याने दोन जिवांवर सोपविले.

घराच्या पलीकडे गावाची व्यवस्था असे. जागल्या हे नावच बोलके आहे. जो जागतो तो जागल्या. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी अशी रीत होती की, गावात चोरी झाली तर गावच्या राखणदाराने चोराच्या पावलांचा माग काढावा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेला, की पुढची जबाबदारी त्या गावाच्या राखणदारावर येई. माग लागलाच नाही तर नुकसानीचा भार राखणदारावर पडे. त्याच्या गरिबीचा विचार करता ही रीत कठोरच म्हणावी लागेल. तथापि तिच्या मुळाशी एक समज होती, की एकाचे घर एकट्याला राखता येत नाही. शेतातही तेच. पिके राखण्यासाठी रात्री माळ्यावर बसणे याला वऱ्हाडात आजही ‘जागल’ म्हणतात. जागलीला शेकोटी, रिकामा डबा, काठी आणि कंठातून निघेल तेवढी हाकाटी.

आणि जागल्या असो, ओसरीवरचे म्हातारे असो की घरात एकटी असलेली माउली असो, पाऊल वाजताच या सर्वांच्या तोंडून प्रथम एकच शब्द निघतो : ‘कोण आहे?’

या प्रश्नाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. ‘कोण आहे?’ असे विचारणारा तीन गोष्टी एकाच वेळी करतो. तो जागा असल्याचे कळवितो. चोराला पळण्यास सवड देतो. आणि आलेला चोर नसेल, तर त्याला आपली ओळख सांगण्याची संधी देतो. बाहेर वाट चुकलेला प्रवासी असेल, वैद्याकडे धावणारा शेजारी असेल, अटन करीत आलेला भिक्षुक असेल. अंधारात सर्वांची पावले सारखीच वाजतात. ज्या पंथाचे साधू शतकानुशतके परक्या दारी भिक्षेस उभे राहिले, त्या पंथाच्या गृहस्थाला हे निराळे सांगावयास नको. कारंजा लाडच्या जुन्या वेशी दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या नावांनी ओळखल्या जातात. वेस ही रोखण्यासाठी, पण तिला नाव मिळाले ते जिकडून पाहुणा येतो त्या गावाचे.

यावर आक्षेप येईल की, प्रश्न विचारून दरोडेखोर थांबतो काय? थांबत नाही. अठराव्या शतकात वाशीम हे कापडासाठी प्रसिद्ध असलेले संपन्न गाव होते. १७६९ च्या कनकापूरच्या तहात जानोजी भोसल्यांनी पेशव्यांस वाशीम व बाळापूर येथील कापड दरसाल पाठवावे असे ठरले होते. तेच वाशीम १८०९ मध्ये पेंढाऱ्यांनी लुटले. शेकडो स्वारांपुढे अडसर टिकत नाही, आणि घरातली एखादी तलवारही टिकत नाही. तेथे माणसे वाचविणे एवढेच रक्षण उरते. जिवंत माणसे पुढे काय करू शकतात, याचे उदाहरण पंथाच्या इतिहासातच आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी खल्जींच्या स्वारीच्या धामधुमीत चोरांच्या हाती लागून नष्ट झाली, असे परंपरा सांगते. पोथी गेली, परंतु हिराइसेसारख्यांच्या स्मरणात ती होती. त्या स्मरणांतून निरनिराळे पाठ पुन्हा उभे राहिले. पोथीसाठी कोणी शस्त्र उपसल्याची कथा परंपरेने जपलेली नाही.

पुढे ग्रंथ सकळ लिपीत लिहिले जाऊ लागले. तो शस्त्रावाचूनचा, लोखंडावाचूनचा अडसरच होता, आणि चांगला टिकला. पण प्रत्येक अडसराची किंमत असते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा करीपर्यंत मराठी वाचकाला या वाङ्मयाचे दार बंद राहिले, आणि बंद दाराबाहेर उभे राहणाऱ्यांनी आत काय चालते याविषयी वाटेल ते तर्क केले. वाशीमच्या बालाजीची मूर्ती औरंगजेबाच्या भयाने भूमीत पुरली होती आणि पुढे पुरल्याची जागाच लोक विसरले, अशी आख्यायिका आहे. फार लपविलेली वस्तू घरच्यांनाही हरवते.

तरीही दार बंद ठेवण्याच्या या दोषापेक्षा आज एक भयंकर दोष दिसू लागला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. भिक्षा हाच त्यांचा व्यवसाय. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक असे तिघे मारले गेले. परिसरात चोर आल्याच्या अफवा होत्या आणि गावोगाव लोक रात्री पहारा देत होते. पहारा देणे चूक नव्हते. चूक कोठे झाली? ‘कोण आहे?’ हा प्रश्न विचारण्याआधीच उत्तर ठरले होते. राईनपाड्याच्या माणसांनी उत्तर दिले असेल, विनवणीही केली असेल. ऐकणारे कोणी नव्हते. घर राखावयास उठलेला माणूस त्या क्षणी दुसऱ्याच्या देहरूपी घरात शिरणारा दरोडेखोर झाला.

हे केवळ जमावाच्या हातून घडते असेही नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने केलेल्या आणि पुढे वाढवीत नेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच चोर ठरविले. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. वऱ्हाडात पारध्यांच्या वस्त्या आहेत. गावात चोरी झाली की पहिला संशय कोणाकडे वळतो, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. आणि रोही, रानडुकरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी कुंपणाच्या तारेत वीज सोडण्याचा जो बेकायदा प्रकार विदर्भात चालतो, तोही याच जातीचा. तार जागते, पण विचारीत नाही. तिला डुक्कर आणि माणूस सारखेच. शेजाऱ्याचा पहाटे शेतात आलेला मुलगाही त्यात सापडू शकतो. माळ्यावर डबा वाजविणाऱ्या जागलकऱ्याची झोप वाचली खरी, परंतु त्या झोपेचे मोल दुसऱ्या कोणी दिले. अशा मृत्यूनंतर ‘मी तेथे नव्हतोच’ असे म्हणणाऱ्यास कर्माचा लेप लागत नाही असे कोणते शास्त्र म्हणेल?

आता राहिला तो कठीण क्षण. अडसर मोडला आहे, प्रश्नाला उत्तर आलेले नाही आणि चोर आत आहे. येथेही गृहस्थ अगदी हतबल नसतो. लेकरांना मागच्या दाराने बाहेर काढावे, ओरडावे, आळी जागी करावी, वाट अडवावी. लेकराच्या अंगावर कोणी धावून आला तर त्याला ढकलावे, धरावे, चार जणांनी मिळून बांधावे. या झटापटीत इजा होईल, आणि तिचा दोष सर्वस्वी नाहीसा होतो असे म्हणून मनाची समजूत घालू नये. गृहस्थाश्रमात तो दोष पत्करावा लागतो. तो पत्करताना त्याचे ओझे जाणवणे एवढे तरी उरावे. मात्र एक खूण स्पष्ट आहे. चोराने पाठ फिरविली किंवा तो बांधला गेला, की रक्षण संपले. त्यानंतरचा प्रत्येक तडाखा शिक्षेचा असतो, आणि शिक्षा करण्याचा अधिकार ना कायद्याने गृहस्थाला दिला, ना धर्माने. बांधलेल्या चोराला पाणी द्यावे आणि पोलीसपाटलाला बोलवावे.

शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडल्याची लीळा प्रत्येक उपदेशी जाणतो. ती लीळा बहुधा सशाच्या बाजूने सांगितली जाते. शिकाऱ्यांच्या बाजूने ती ऐकली तर असे दिसते की, शस्त्र धरलेली माणसे आणि त्यांची कुत्री समोर उभी असताना स्वामींनी ससा दिला नाही, शिकाऱ्यांवर हातही उगारला नाही. ते त्यांच्याशी बोलले. आणि शिकारी ऐकत राहिले, कारण कोणीतरी त्यांच्याशी बोलत होते.